ओल्या कागदातलं बी

लेकीने पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि तेवढ्यात तिच्या कोटाची बाही वर सरकली. मनगटाच्या वरच्या अंगाला चार तपकिरी पट्टे होते, एकाखाली एक, बोटाएवढे रुंद. हात किंचित वळला तेव्हा आतल्या बाजूचा पाचवाही दिसला, आखूड, जरा तिरका, अंगठ्याचा असावा तसा. दारात बोचरा वारा होता. तिने बाही खाली ओढली, "बाबांना दे, म्हणावं आजच भिजवा, ताजं बी आहे," म्हणाली आणि कोपऱ्यावर बस दिसली म्हणून पळत सुटली. मी "अगं" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं. बस गेली, समोरच्या घरातल्या बाईंनी पायपुसणं झटकून दार लावून घेतलं, तरी मी हातातलं पाकीट धरून उभीच. पाकीट इतकं हलकं की आत काही असेल असं वाटू नये. हलवलं तर कागदाला कागद घासल्यासारखं सळसळलं. बाही थंडीने ओढली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग वाटलं, नुसत्या थंडीने कुणी इतक्या घाईने बाही ओढत नाही. निदान माझ्याकडे बघत तरी ओढत नाही.

मी घड्याळाच्या दुकानात काम करते. दुरुस्ती करणारे आत बसतात, मी काउंटरवर पट्टे बसवते, कड्या काढते, भोकं पाडते. तीस-एकतीस वर्षं झाली. लोक येतात, बाही सारतात आणि मनगट माझ्यापुढच्या छोट्या मऊ गादीवर ठेवतात. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, मनगटं राहतात. कुणाचं हाड बाहेर आलेलं, कुणाला पट्ट्याच्या धातूची खाज सुटते, कुणी जुनं घड्याळ काढलं की खालची कातडी आजारी माणसासारखी पांढरी निघते. भाजल्याचा डाग कसा दिसतो, दोरीचा कसा, दारात सापडल्याचा कसा, हे मला शिकवावं लागत नाही. आणि बोटांचा कसा दिसतो तेही. ते मला का ओळखता येतं, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पाकीट पाहून हे खूश झाले. हे पूर्वी नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यापासून घरामागची जमीन हाच यांचा नकाशा. जमीन म्हणजे तरी काय, चार पलंग एकामागे एक टाकावेत एवढी. पण तिच्यात दोऱ्या बांधलेल्या, खुंट्यांवर आकडे, कुठे काय कधी पेरलं त्याची पेन्सिलीने केलेली नोंद. सगळं यांच्या मनासारखं येतं, एक पार्सनिप सोडून. गाजराचा हा पांढरा भाऊ भलता आडमुठा. त्याचं बी वर्षभरच जिवंत राहतं, त्यातही उगवायला महिना लावतं, आणि उगवेल याची खात्री कुणी देत नाही. बाजारातली पाकिटं आणून यांनी दोनदा वाफा रिकामा पाहिला होता. लेक आणि जावई वर्षभर दुसऱ्या गावी होते. तिथल्या भाड्याच्या घरामागे आधीच्या भाडेकरूने लावलेले पार्सनिप राहून गेले होते आणि पुरुषभर उंचीचे फुलावर आले होते. तेव्हापासून बाप-लेकीचे फोन सुरू झाले. कोणतं फूल ठेवायचं, कोणती छाटायची, बी कधी काढायचं. मी त्या फोनमध्ये कधी नव्हते. दोघांचं बोलणं संपलं की हे म्हणायचे, "तुला विचारत होती." महिन्यापूर्वी ते दोघं परत या शहरात आले, आणि आज हे पाकीट.

यांनी जेवणाच्या टेबलावर बी ओतलं. चपटं, पातळ, फिकट तपकिरी, कडेला झिरझिरीत झालर असलेलं. "श्वास जपून घे, उडतील," हे म्हणाले. चाळीस दाणे मोजले. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालाची घडी प्लास्टिकच्या डब्यात अंथरली, पाणी शिंपडलं, जास्तीचं निथळू दिलं, मग चिमट्याने एकेक दाणा ठेवला, पाचाच्या आठ ओळी. वर दुसरा ओला कागद आणि झाकण. डबा गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या फळीवर गेला आणि झाकणावर तारीख पडली. मी समोर बसून यांच्या बोटांकडे बघत होते. लांब, नीटस, नखं कापलेली. दाणा उचलताना हात जराही हलत नाही. "काय गं?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." डाग यांना सांगावेत असं ओठांवर आलं होतं. का सांगितलं नाही ते तेव्हा उमगलं नाही. म्हणजे उमगलं होतं, पण मी तिकडे पाहिलं नाही.

जावई लिफ्टची दुरुस्ती करतात. दंडाने मजबूत, बोलायला कमी, आले की चपला नीट लावून ठेवतात, जेवल्यावर स्वतःचं ताट धुतात. मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही. लेक म्हणते, "आई, तो तुझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे, अहो-जाहो काय करतेस!" पण माझ्या जिभेला ते जमलं नाही. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्यात खोट काढावी असं काही सापडलं नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटली होती. ज्याच्यात काही सापडत नाही तो माणूस दार लावल्यावर कसा असेल? रोज दुकानात उभी राहून मी आता जुन्या भेटी उकरायला लागले. गेल्या वर्षी त्या गावी आम्ही एकदाच गेलो, तेही ऐन हिवाळ्यात. लेक सारखी लोकरीच्या लांब बाह्यांत. सकाळी भांडी घासतानासुद्धा तिने बाह्या वर केल्या नव्हत्या, पुढून भिजू दिल्या होत्या. जावई मागून आले आणि म्हणाले, "राहू दे, मी करतो." ती चटकन बाजूला झाली. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता तेच चित्र मी उलटसुलट करून बघत होते, आणि दर वेळी तिचं बाजूला होणं थोडं अधिक चटकन होत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर हे मागच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होते. दार उघडंच होतं. आवाज खाली आणलेला. "ऊन लागू देऊ नकोस... हो... नाही, आईला काही बोलू नकोस. ती उगाच डोक्यात घेऊन बसेल." मी पिशवी हातात धरून स्वयंपाकघरात थिजले. मग मुद्दाम पाऊल वाजवलं. हे आत आले. "कुणाचा फोन?" "लेकीचा. बियांचं विचारत होती." "काय म्हणाली?" "काही नाही, मोड आले का." आणि हे डब्याकडे वळले, झाकण उघडून भिंगातून बघायला लागले. कागदाखाली काहीच नव्हतं, चाळीस दाणे होते तसे पडलेले. म्हणजे यांना माहीत आहे. लेकीला कुणीतरी असं धरतं हे तिच्या बापाला माहीत आहे, आणि तो तिला सांगतो की आईला बोलू नकोस. मी त्या रात्री जेवले, भांडी आवरली, यांच्याशी समोरच्या घराच्या नव्या रंगाबद्दलही बोलले. आत मात्र एकच विचार फिरत होता. हा माणूस तिला गप्प राहायला सांगणारच. दुसरं काय सांगणार?

आता ते सांगायलाच हवं. लेक चार वर्षांची होती. आम्ही छापखान्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो, खाली यंत्र सुरू झालं की कपाटातल्या बश्या थरथरायच्या. हे कचेरीचं काम घरी आणायचे. एकाच टेबलावर जेवण आणि तिथेच नकाशा. एका दुपारी लेकीने पाण्याचा पेला पाडला आणि तीन आठवड्यांच्या कामावर पाणी पसरलं, शाई फुटली, नद्या गावांत शिरल्या. हे तिच्याकडे वळले, मी मध्ये झाले आणि म्हणाले, "तुमच्या कागदांपुढे आम्ही कोण, नाही का?" यांनी माझं मनगट धरलं. मारलं नाही. नुसतं धरलं, टेबलाच्या कडेवर दाबून, काही न बोलता, खालचं यंत्र थांबेपर्यंत. माझी बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. यंत्र थांबल्यावर सोडलं आणि टिपकागद आणायला गेले. एकदाच. सबंध आयुष्यात एकदाच. नऊ दिवस डाग होते, आधी निळे, मग हिरवट. दुकानात मी तेव्हा नवी होते. डागांवर एक मोठं पुरुषी घड्याळ बांधून गेले. मालकीणबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या गादीवर एक रुंद पट्टा ठेवलेला होता. त्यांची आठवण झाली की मला अजून कळत नाही, त्या बाईने माझ्यावर दया केली की तोंड बंद ठेवायला सांगितलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी बॅग भरली होती. भांडण असं नव्हतं, एका सकाळी उठले आणि भरली, इतकंच. लेक शाळेच्या सहलीला गेली होती. तिला फाटकावरूनच घ्यायचं आणि बहिणीकडे जायचं असं ठरवलं होतं. दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. कुणी विनवलं नाही, कुणी अडवलं नाही. माझी मी फिरले, बॅग रिकामी केली, कपडे घडी घालून ठेवले. पुढच्या सगळ्या वर्षांत कधी मन आंबलं की मी त्या परत फिरण्याला हात लावून बघत असे. मी इथे आहे ती माझ्या मर्जीने आहे. एवढं एक माझं होतं.

नवव्या दिवशी सकाळी हे ओरडले, "आला!" एका दाण्याच्या टोकातून दोऱ्याच्या तुकड्याएवढं पांढरं काहीतरी बाहेर डोकावत होतं. यांनी मला भिंग दिलं. मी पाहिलं. "सुंदर आहे," मी म्हटलं, आणि खरंच सुंदर होतं, त्यामुळे अधिकच राग आला.

बाराव्या दिवशी जावई दुकानात आले. कामाच्या कपड्यांत, हाताला यंत्राच्या तेलाचा वास. "आई, पट्टा सैल झालाय. दोन कड्या काढाल?" मी म्हटलं, "ठेवा हात." त्यांनी हात गादीवर ठेवला. घड्याळ काढताना मी त्यांचा पंजा उलटा केला, माझ्या गरजेहून जास्त वेळ धरला. चार बोटांची रुंदी, बोटांतलं अंतर. माझ्या डोळ्यांपुढचे पट्टे मी त्यांवर ठेवून पाहिले. जुळत होते. बाही जरा वर सारली तर कोपराखाली बारीक तपकिरी ओरखडे, शिंतोडे उडाल्यासारखे. नखं लागल्यावर असंच होतं. कुणी सुटायची धडपड केली तर असंच होतं.  तरी मी अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "हे काय लागलं?" ते हसले. "तुमच्या लेकीची कृपा." हसले! मी मान खाली घालून पिना ठोकायला लागले. दोन सांगितल्या होत्या, मी तीन कड्या काढल्या. घड्याळ बांधल्यावर त्यांनी मूठ उघडझाप करून पाहिली. "घट्ट वाटतंय थोडं." "वापराने सैल होतं," मी म्हटलं. पोलादी पट्टा वापराने सैल होत नाही. त्यांनाही ते माहीत असावं, पण "बरं" म्हणून गेले. उरलेल्या दिवसात माझ्या हातून दोन गिऱ्हाइकांची भोकं चुकली.

लेकीला फोन करावा असं रोज ठरवायची. फोन हातात घेतला की वाटे, तो शेजारी बसला असेल, ती "सगळं ठीक आहे" म्हणेल, आणि त्या तीन शब्दांचं मी काय करणार? समोरासमोर बघायला हवं. सतराव्या दिवशी, रविवारी, ती पेरायला येणार होती. तोवर चाळीसपैकी बत्तिसांना मोड आले होते. यांनी वाफा तयार ठेवला होता. एक वीत खोल माती चाळून खडे काढलेले, कारण खड्याला अडलं की मूळ फाटे फोडतं. दोरी ताणलेली, वीत-वीत अंतरावर काडीने टिंबं केलेली. "एकदाच लावायचं, नंतर हलवलं तर मूळ वाकडं होतं," हे लेकीला समजावत होते आणि ती माहीत असूनही ऐकून घेत होती. जावई आले नव्हते, त्यांना रविवारीही बोलावणं आलं होतं. मला ते बरंच वाटलं. हे झारी भरायला बागेत गेले, लेक डबा घ्यायला स्वयंपाकघरात आली, फळीकडे हात वर केला, बाही घसरली, आणि मी तिचं मनगट धरलं. माझी चार बोटं त्या चार पट्ट्यांवर ठेवली. माझी लहान पडली.

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"हे. ही त्यांची बोटं आहेत."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "हो, त्याचीच आहेत. सोड ना, डबा पडेल."

"हसू नकोस. मला सगळं कळतं. बाबांना सांगितलंस ना? आणि ते म्हणाले गप्प राहा."

हसू एकदम ओसरलं. तिने डबा ओट्यावर ठेवला. "आई, तुला काय वाटतंय नक्की?"  माझा चेहरा तिने वाचला असावा. मग ती सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. पार्सनिपच्या देठात चीक असतो. तो अंगाला लागला आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. लागताना काही कळत नाही, दोन दिवसांनी फोड येतात, फोड गेले तरी डाग वर्ष-वर्ष राहतात. बाबांनी फोनवर सांगितलं होतं की मधलं मोठं फूल ठेवा आणि बाजूची छाटा, म्हणून दोघं भर उन्हात छाटत होते. कापायला तो, आणि ती कुंपणाच्या भिंतीवर उभी राहून मोठ्या फुलाला काठी बांधत होती. पाय सटकला. त्याने धरलं. त्याचे हात चिकाने बरबटलेले. "धरलं नसतं तर खाली विटांवर डोकं आपटलं असतं. त्याच्या हातावर तर सगळे शिंतोडे उडालेत, ते अजून मला ऐकवतो. डॉक्टरांनी पण आधी त्याला बाहेर बसवलं, दार लावलं आणि मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. पण निदान त्यांनी विचारलं तरी!"

"मग बाबा का म्हणाले, मला सांगू नकोस?"

"कारण तू अशी आहेस म्हणून! हल्ली ऊन लागलं की परत खाजतं, ते विचारलं होतं मी. सतरा दिवस तू हे डोक्यात घेऊन फिरतेयस? मला एक फोन करता येत नव्हता?" तिचा आवाज चढला होता, डोळे भरले होते. "आणि खरंच तो मारत असता तर? तर तू काय करणार होतीस, अजून सतरा दिवस बघत बसणार होतीस?"

मी खिडकीतून बागेतल्या दोरीकडे बघत राहिले.

"त्याने माझ्यावर कधी साधा आवाज चढवलेला नाही," ती म्हणाली. "तुला असं वाटलंच कसं, आई?"

"माझ्यामुळे वाटलं तिला."

हे मागच्या दारात उभे होते, हातात रिकामी झारी. किती वेळ उभे होते कोण जाणे. लेक वळली. "तुमच्यामुळे म्हणजे?" यांनी झारी खाली ठेवली, हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, मग मातीचेच हात पुढे धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी गोल-गोल बोलतील. माझं लक्ष शब्दांवर होतं, एखादा कमी पडतो का, एखादा मऊ होतो का. पण हे पाठ केल्यासारखं नीट बोलले. छापखान्यावरच्या खोल्या, नकाशा, पाण्याचा पेला. "तू रडत होतीस. तुझ्या आईचं मनगट मी धरलं. डावं. टेबलावर दाबून धरलं, बराच वेळ. ती 'सोडा' म्हणाली नाही. म्हणाली असती तरी सोडलं असतं असं नाही." तीस वर्षं मला वाटत होतं की हे विसरले. ही शंका मी अशी सांभाळली होती की तिचंही एक वजन झालं होतं. यांना डावं हेसुद्धा आठवत होतं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसली.

"एकदा?" तिने विचारलं.

"हो, एकदाच," मी म्हटलं.

"दोनदा," हे म्हणाले.

मी यांच्याकडे बघितलं. "दुसऱ्यांदा कधी?"

"ही सहलीला गेली होती तेव्हा. तू बॅग घेऊन निघालीस. दारात."

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा मी परत फिरले. माझी मी."

 मी थांबले, वाटलं, आता म्हणतील की हो, चुकलं माझं, परत फिरलीस तू. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हे बघत राहिले जमिनीकडे. मग मला आमच्या कपाटातले रुंद पट्टे दिसायला लागले, एक काळा आणि एक तपकिरी. मालकीणबाईंनी काळा दिला होता, हे पक्कं. तपकिरी कोणी दिला? आणि दाराचा खिट्टा, तो मला पाठीत टोचलेला आठवत होता. परत फिरलेल्या बाईच्या पाठीत खिट्टा कसा टोचेल? इतके दिवस मी जावयावर, लेकीवर, या माणसावर डोळा ठेवून होते. आणि ज्या एका गोष्टीला धरून मी उभी होते तिच्याकडे एकदाही नीट वळून पाहिलं नव्हतं.

"आई," लेक म्हणाली, "दोन दिवस माझ्याकडे चल."

"आधी हे पेरून होऊ दे," मी म्हटलं. "मोड वाळतील." माझाच आवाज मला परका वाटला. आम्ही तिघं बागेत गेलो.  हे दोरीच्या त्या टोकाला, मी या टोकाला, लेक मध्ये डबा धरून. चिमट्याने दाणा उचलायचा, टिंबाच्या खड्ड्यात मोड खाली करून ठेवायचा, नखाएवढी माती वर सारायची, दाबायचं नाही. बत्तीस. मधोमध आमचे हात समोरासमोर आले तेव्हा यांनी आपला हात मागे घेतला आणि शेवटचा दाणा मला ठेवू दिला. मग यांनी झारीने पाणी घातलं, धार मातीला लागेल आणि दाणा उघडा पडणार नाही अशी. मी आत जाऊन बॅग भरली. कुठली घ्यायची याचासुद्धा विचार करावा लागला नाही.

दारात हे आले, पण उंबऱ्यापासून दोन पावलं मागेच थांबले, दोन्ही हात पाठीशी. "केव्हा येशील?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "उगवले की कळवा." मोड आलेलं असलं तरी थंड मातीतून वर यायला त्या बियांना दोन-तीन आठवडे लागतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बसमध्ये लेक माझ्या शेजारी बसली आणि तिने काही विचारलं नाही, पण घरी पोहोचल्यावर विचारलं, आणि नंतरही रोज थोडं थोडं विचारत राहिली. मला आठवेल तेवढं मी सांगितलं. जिथे आठवत नव्हतं तिथे "आठवत नाही" असं म्हणायला शिकले. जावयांना तिने सगळं सांगितलं असावं. पहिल्याच संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले, घड्याळ काढून ठेवलं आणि म्हणाले, "आई, एक कडी परत लावाल? हाताला मुंग्या येतात." मनगटावर पट्ट्याची लाल खूण उमटलेली होती. मी म्हटलं, "चूक माझी. मुद्दाम केलं होतं." ते म्हणाले, "ते कळलं होतं मला. का, ते कळलं नव्हतं." कडी लावून मी घड्याळ पुढे केलं. मी त्यांना पहिल्यांदाच "घे" म्हटलं, आणि आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

मला वाटत होतं हे चार दिवसांत फोन करतील. उगवायच्या आधीच उगवले म्हणून सांगतील, आणि मी जाऊन बघेन तेव्हा वाफा रिकामा असेल. दुसऱ्या आठवड्यात तर मी रोज संध्याकाळी त्या खोट्या फोनची वाट बघत होते. आला असता तर मला सोपं गेलं असतं. फोन आला तो पेरल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, मी दुकानात असताना, गिऱ्हाईक समोर हात ठेवून बसलेलं.

"आलेत," हे म्हणाले. "लांबट दोन-दोन पानं. आज सकाळी मोजले."

"किती?"

"बत्तीसपैकी चौदा."

मी गिऱ्हाइकाचा पट्टा एका हाताने धरून ठेवला होता. ते मनगट एका बाईचं होतं, पातळ, निळ्या शिरांचं, त्यावर काहीही नव्हतं. "बाकीचे येऊ देत," मी म्हटलं. "मग बघू." आणि फोन ठेवून त्या बाईंना विचारलं, "घट्ट तर होत नाही ना?"